आधी 'प्रत्येक' की आधी 'एक तरी'? क्वांटिफायरचा क्रम मुलांच्या डोक्यात कसा उतरवायचा

शेंगाचटणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात बीएस्सीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. रिअल अ‍ॅनालिसिस सुरू झालं की दरवर्षी गाडी एकाच ठिकाणी रुतते. मी फळ्यावर क्वांटिफायरची ('प्रत्येक', 'एक तरी' अशा, किती जणांबद्दल बोलतोय ते सांगणाऱ्या शब्दांची) दोन वाक्यं लिहिते:

(अ) प्रत्येक पूर्णांक क्ष साठी असा एक पूर्णांक य आहे, की य हा क्ष पेक्षा मोठा आहे.
(आ) असा एक पूर्णांक य आहे, की प्रत्येक पूर्णांक क्ष साठी य हा क्ष पेक्षा मोठा आहे.

पहिलं खरं, दुसरं खोटं. इथवर सगळे माना डोलावतात. पुढं कंटिन्युइटी (क्ष किंचित हलला तर फलनाची किंमतही किंचितच हलते) आणि युनिफॉर्म कंटिन्युइटीच्या (तेच, पण सगळीकडे एकाच मापानं) व्याख्या शेजारी शेजारी मांडल्या की तीच मुलं म्हणतात, "मॅडम, दोन्ही सेमच आहे की. शब्द तेच, नुसते पुढंमागं केलेत." एकानं तर विचारलं, "तीन गुणिले पाच काय आन् पाच गुणिले तीन काय, मग इथंच का बिघडतंय?" प्रश्न रास्त आहे. नुसतं 'क्रम महत्त्वाचा असतो' असं सांगून त्याचं समाधान होणार नाही.

तुम्हाला हे कधी आणि कशामुळे कळलं? पाठांतराच्या युक्त्या नकोत, त्या माझ्याकडे ढिगानं आहेत.

कंबर_तलाव

सोप्पं आहे ताई. 'शहरातल्या प्रत्येक भागात कधी ना कधी नळाला पाणी येतं' हे (अ). 'असा एक दिवस आहे की शहरातल्या प्रत्येक भागात नळाला पाणी येतं' हे (आ). सोलापूरकराला याहून जास्त शिकवायची गरज नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस

वरच्या प्रतिसादाला +१००. उजनी भरलं तरी (आ) खोटंच राहतं, हे विशेष.

पूर्वभागवाला

पाण्याचा विनोद झकास, पण त्यात एक अडचण आहे. उद्या एखाद्या दिवशी खरंच सगळीकडे पाणी आलं तर (आ) खरं होऊन बसेल. असं उदाहरण पाहिजे की ज्यात मांडणीच तशी असल्यामुळे दुसरं वाक्य खोटं ठरतं.

आमच्या ओळखीच्या एका टॉवेलच्या कारखान्यात तिघं एकाच पाळीत होते. जॉबरला तेलुगू आणि मराठी यायची. दुसऱ्याला मराठी आणि कन्नड, तो अक्कलकोटकडचा. तिसऱ्याला कन्नड आणि तेलुगू. मराठी शिव्यांपुरती, ती धरायची नाही. आता कुठलेही दोघं निवडा, त्यांचं बोलणं आरामात व्हायचं. पण तिघं मिळून चहाला बसले की कायम एक जण बाहेर. माग बिघडला की जॉबर एकच गोष्ट दोनदा सांगायचा, आधी मराठीत आणि मग तेलुगूत. तो तेलुगूवर गेला की अक्कलकोटवाला निवांत बिडी पेटवायचा.

म्हणजे 'कोणत्याही दोघांसाठी दोघांनाही येणारी एक भाषा आहे' हे खरं. 'अशी एक भाषा आहे, जी कोणत्याही दोघांना येते' हे खोटं. माणसं तीच, भाषा त्याच. पहिल्या वाक्यात जोडी बदलली की भाषा बदलायची मुभा आहे. दुसऱ्यात भाषा आधी ठरवून टाकायची आणि मग ती प्रत्येक जोडीला पुरवायची. तुमच्या पोरांना ही मुभा दिसली की काम झालं.

वाचनमात्र

दंडवत घ्या _/\_

नवीपेठ_नाना

उदाहरण बनावट वाटतं. सोलापुरात मराठी येत नाही असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. त्यामुळे तुमचं दुसरं वाक्यही खरंच आहे.

पूर्वभागवाला

नाना, तुम्ही दुकानात बसता, गिऱ्हाईक मराठीतच बोलणार. आमच्या आजीकडे या एकदा. ती तुम्हाला तेलुगूत जेवायला वाढेल, तेलुगूत भांडेल आणि तेलुगूतच परत पाठवेल.

कंबर_तलाव

भाषावाद नको बे इथं. त्याला वेगळा धागा आहे आणि तो पंधरा पानं झाला तरी संपत नाही.

लूपातला_लूप

संगणकवाल्यांसाठी दोन लूप एकात एक. (अ) मध्ये बाहेरचा लूप क्ष चा, आतला य चा. आत एकदा जरी 'खरं' मिळालं की आतला थांबवून पुढच्या क्ष वर जायचं. एखाद्या क्ष ला एकही य सापडला नाही तर उत्तर 'खोटं'. (आ) मध्ये लूप उलटे: बाहेर य, आत क्ष. एखाद्या य नं सगळे क्ष पार केले तर 'खरं'. लूप उलटे केल्यावर प्रोग्रॅम तोच राहतो असं कुणी म्हणत नाही, मग वाक्याबद्दल का म्हणतात?

ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांच्यासाठी तक्ता. आडव्या ओळी क्ष च्या, उभे रकाने य चे. जिथं य हा क्ष पेक्षा मोठा, तिथं टिक. (अ) विचारतं: प्रत्येक आडव्या ओळीत एक तरी टिक आहे का? (आ) विचारतं: वरपासून खालपर्यंत टिकांनी भरलेला एखादा उभा रकाना आहे का? पूर्णांकांच्या तक्त्यात कर्णाच्या उजवीकडे टिकाच टिका, त्यामुळे प्रत्येक ओळ पास. पण कुठलाही रकाना घ्या, तो कर्णाला टेकला की टिका संपल्या.

डेल्टा_हरवला

मी दुसऱ्या वर्षाला आहे. तक्ता एकदम पटला. भरलेला रकाना असेल तर प्रत्येक ओळीत त्या रकान्यातली टिक येणारच, म्हणजे (आ) वरून (अ) मिळतं. उलटं मिळत नाही, कारण टिका विखुरलेल्या असू शकतात. बरोबर ना?

दुसरं, क्रम कधीच बदलायचा नाही का? आमच्या नोट्समध्ये 'प्रत्येक क्ष, प्रत्येक य' चं 'प्रत्येक य, प्रत्येक क्ष' केलेलं आहे आणि सरांनी त्याला काही म्हटलेलं नाही.

लूपातला_लूप

पहिलं बरोबर. दुसरं: एकाच जातीचे शेजारी असले तर खुशाल बदला. दोन 'प्रत्येक' म्हणजे सगळा तक्ता टिकांनी भरलेला, तो ओळीनं तपासा की रकान्यानं. दोन 'एक तरी' म्हणजे कुठंतरी एक टिक, ती कशीही शोधा. भानगड 'प्रत्येक' आणि 'एक तरी' एकमेकांना ओलांडतात तिथंच होते. गुणाकारवाल्या मुलाला हेच सांगा: तुझं बरोबर आहे, पण सारख्या जातीपुरतं.

अमृता_कोथरूड

मी शिकवताना पत्त्यांचा डाव करते. 'प्रत्येक' ही प्रतिस्पर्ध्याची खेळी, 'एक तरी' ही तुमची. (अ) मध्ये तो आधी पान टाकतो, तुम्ही ते बघून उत्तर देता. (आ) मध्ये तुम्हाला आधी पान टाकावं लागतं आणि तो ते बघून तुम्हाला हरवतो. वाक्य खरं म्हणजे समोरचा कसाही खेळला तरी तुमच्याकडे जिंकायची रीत आहे. ही नुसती शिकवणीतली युक्ती नाही. फिनलंडचा तर्कशास्त्रज्ञ याक्को हिंटिक्का यानं वाक्याचा अर्थच अशा डावांवर उभा केला.

निवृत्त_मास्तर

अमृताताई, उदाहरण रंजक आहे, पण त्यानं नवीच समजूत रुजते. पोरं 'आधी' आणि 'नंतर' मध्ये अडकतात. गणिताच्या विधानात वेळ नसतो. कुणी काही टाकत नाही, कुणी वाट बघत नाही. मी शिकवत होतो तेव्हा एवढंच सांगायचो: य कुणावर अवलंबून आहे ते लिहा. (अ) मध्ये य च्या पायाशी छोटा क्ष लिहा, कारण क्ष बदलला की य बदलू शकतो. (आ) मध्ये य च्या पायाशी काहीच येत नाही, तो एकटा. नॉर्वेच्या थोराल्फ स्कोलेम या तर्कशास्त्रज्ञानं जे केलं ते याच धाटणीचं: 'एक तरी य' काढून टाकायचा आणि त्याच्या जागी डावीकडच्या 'प्रत्येक' वाल्यांचं फलन ठेवायचं. क्रम म्हणजे कोण कुणावर अवलंबून राहू शकतो याची नोंद. बाकी सगळी सजावट.

अमृता_कोथरूड

सर, आदर राखून असहमत. 'अवलंबून' हा शब्द मुलं सहज उच्चारतात आणि त्यातून काहीच बोध घेत नाहीत. डावात त्यांना हरण्याची भीती असते, म्हणून नीट बघतात. आणि तुमचं फलन म्हणजे माझ्या खेळाडूची जिंकायची रीतच. वस्तू एकच, तुम्ही तिला कोट घातलाय.

निवृत्त_मास्तर

कोट घातला की परीक्षेत बाहेर काढत नाहीत, हा फायदा.

हुतात्मा_एक्स्प्रेस

पॉपकॉर्न नाही, कडक भाकरी आणि चटणी घेऊन बसलोय. चालू द्या.

नवीपेठ_नाना

बारावीला गणिताच्या पहिल्याच धड्यात तर्कशास्त्र असतं ना? तिथं शिकवत नाहीत का हे?

डेल्टा_हरवला

असतं काका. सत्यता सारण्या, स्विचचे सर्किट आणि शेवटी हक्काचे मार्क. क्वांटिफायर येतात, पण एका वाक्यात एकच. 'प्रत्येक' आणि 'एक तरी' एका वाक्यात भेटले की काय होतं ते कॉलेजला जाऊन एप्सिलॉन-डेल्टात कळतं. तेसुद्धा कळलं तर. मला अजून डेल्टा कुणाचा कोण लागतो ते कळलेलं नाही, आयडी उगाच नाही घेतला. मास्तर सर, तुमचं 'पायाशी लिहा' कंटिन्युइटीवर करून दाखवाल का?

निवृत्त_मास्तर

दाखवतो की. वही घे.

फलन घे: क्ष चा वर्ग. एप्सिलॉन १ धर, म्हणजे उत्तरात १ पेक्षा कमी फरक पडला पाहिजे. क्ष = १० पाशी उभा राहा. डेल्टा, म्हणजे क्ष ला इकडंतिकडं हलायची मुभा, ०.०४ चालेल का? १०.०४ चा वर्ग १००.८०१६. फरक ०.८०१६, चाललं. ०.०५ घेतलास तर १०.०५ चा वर्ग १०१.००२५, म्हणजे फरक १ च्या वर जाऊ लागला. तर १० पाशी ०.०४ हा आपला डेल्टा.

तोच ०.०४ घेऊन १००० पाशी जा. १०००.०४ चा वर्ग काढ. फरक ८० च्या वर! डेल्टा खूपच लहान करावा लागेल, ०.०००४ घेतलास तर काम होईल. म्हणजे डेल्टाच्या पायाशी एप्सिलॉन तर आहेच, क्ष पण आहे. ही साधी कंटिन्युइटी: प्रत्येक क्ष, प्रत्येक एप्सिलॉन, मग एक डेल्टा. डेल्टाच्या डावीकडे दोघंही उभे आहेत, तो दोघांकडे बघून ठरतो.

युनिफॉर्ममध्ये 'प्रत्येक क्ष' उचलून डेल्टाच्या उजवीकडे ठेवलाय. डेल्टाला आता फक्त एप्सिलॉन दिसतो. सगळ्या संख्यारेषेसाठी एकच डेल्टा दे, असं विचारलंय. क्ष च्या वर्गाला तो देता येत नाही: तू कुठलाही डेल्टा सांग, मी क्ष म्हणून १ भागिले डेल्टा घेतो आणि त्याच्यापासून अर्धा डेल्टा पुढं सरकतो. फरक १ पेक्षा जास्त येतो, करून बघ.

पण तुला फक्त ० ते १० एवढ्यातच फिरायची परवानगी असेल तर? १० पाशी सगळ्यात जास्त ओढ आहे, तिथं ०.०४ चाललं म्हणजे अलीकडे सगळीकडे चालेल. एकच डेल्टा सगळ्यांना पुरला. तेच फलन, जागा बदलली आणि विधान खरं झालं.

डेल्टा_हरवला

करून बघितलं. फरक एक आणि वर डेल्टा वर्गाचा चतुर्थांश येतो. सापडला सर, डेल्टा सापडला!!

अमृता_कोथरूड

आणि सर, "तू कुठलाही डेल्टा सांग, मी क्ष घेतो" हे काय होतं? पान टाकलंत की नाही?

निवृत्त_मास्तर

टाकलं. पण कोट घालून.

एकांडा_शिलेदार

चर्चा छान चाललीय म्हणून थोडा इतिहास. हा गोंधळ बीएस्सीच्या पोरांचाच आहे असं समजू नका. फ्रेंच गणिती कॉशीनं १८२१मध्ये पॅरिसच्या आपल्या पाठ्यपुस्तकात लिहिलं, की कंटिन्युअस फलनांची अभिसारी (पदं वाढवत गेलं की बेरीज एका ठरावीक किमतीकडे जाणारी) श्रेणी घेतली तर तिची बेरीजही कंटिन्युअस असते. १८२६मध्ये नॉर्वेच्या नील्स आबेलनं एका तळटीपेत म्हटलं की या प्रमेयाला अपवाद दिसतात, आणि एक श्रेणी दिली: साइन क्ष, वजा साइन दोन क्ष चा अर्धा, अधिक साइन तीन क्ष चा तिसरा हिस्सा, असं पुढं. प्रत्येक पद गुळगुळीत. बेरीज मात्र क्ष = पाय (π) पाशी एकदम उडी मारते.

अडचण तीच. प्रत्येक क्ष पाशी अमुक इतक्या पदांनंतर श्रेणी हवी तेवढी जवळ जाते, पण 'किती पदं' हा आकडा क्ष वर अवलंबून आहे. उडीच्या जवळ जावं तसा तो वाढत जातो. सगळ्यांसाठी एकच आकडा मिळाला तरच कॉशीचं प्रमेय चालतं. १८४०च्या दशकात स्टोक्स आणि झायडल यांनी हे स्वतंत्रपणे हेरलं, कॉशीनं स्वतः १८५३मध्ये दुरुस्त विधान मांडलं आणि वायरश्ट्रासच्या हाताखाली 'युनिफॉर्म' ही कल्पना रोजच्या वापरात आली.

यात मला महत्त्वाची वाटते ती तारखांची संगती. एकात एक बसलेले क्वांटिफायर नीट लिहायची पहिली पद्धत जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगनं दिली, १८७९मध्ये. आज फळ्यावर 'एक तरी' साठी दिसणारा उलटा ई (∃) पेआनोचा, १८९७चा. 'प्रत्येक' साठीचा डोक्यावर उभा ए (∀) गेंट्झेननं आणला तो १९३५मध्ये. म्हणजे कॉशीकडे क्रम दाखवायला चिन्हंच नव्हती. साध्या फ्रेंच वाक्यात 'सर्व क्ष साठी' कुठंही शेपटासारखं लटकवता येतं, आणि तो कशाच्या आधी मोजायचा ते वाचणाऱ्यावर सोडलेलं.

(कॉशीला फार झोडपूही नये. त्याच्या डोक्यात अनंतसूक्ष्म राशी (शून्य नसलेल्या, पण कुठल्याही नेहमीच्या धन संख्येपेक्षा लहान) होत्या, त्या धरून वाचलं तर तो चुकलाच नाही असंही काही अभ्यासक मानतात. वाद अजून मिटलेला नाही.)

कंबर_तलाव

म्हणजे कॉशी चुकला तरी पुस्तक छापतात आणि आमचे मार्क कापतात. ठीक आहे.

पूर्वभागवाला

शिलेदार, उत्तम माहिती. मास्तरांच्या '० ते १०' वर एक शंका. तिथं टोकाला सगळ्यात वाईट परिस्थिती आहे हे दिसत होतं म्हणून निभावलं. नसतं दिसलं तर?

एकांडा_शिलेदार

तरी निभावतं. दोन्ही टोकं धरलेला मर्यादित अंतराल (संख्यारेषेचा तुकडा) असेल तर कंटिन्युअस फलन तिथं युनिफॉर्मली कंटिन्युअस असतंच. जर्मन गणिती हाइनेनं १८७२मध्ये हे छापलं. गाभा असा: मोजकेच क्ष असते, तर प्रत्येकाचा आपापला डेल्टा घेऊन त्यातला सगळ्यात लहान सगळ्यांना दिला असता. काम फत्ते. क्ष अनंत असले की 'सगळ्यात लहान' घसरत शून्याला टेकू शकतो, आणि शून्य डेल्टा चालत नाही. बंदिस्त अंतरालात अनंत क्ष चं काम मोजक्यांवर भागवता येतं, म्हणून क्रम उलटायची परवानगी मिळते. टोकं उघडी ठेवा, परवानगी रद्द: १ भागिले क्ष, ० ते १ मध्ये शून्य वगळून, बघा काय होतं शून्याजवळ.

हुतात्मा_एक्स्प्रेस

आता हे समजायला मला कुर्डुवाडीच्या पुढंपर्यंतचा प्रवास लागेल.

शेंगाचटणी

मंडळी, मनापासून आभार. कालच्या तासाला पूर्वभागवाल्यांचा कारखाना तसाच्या तसा वापरला. वर्गात तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही बोलणारी पोरं आहेत, त्यामुळे तिघांना पुढं उभं करून खरंच बोलायला लावलं. ज्याला बाजूला ठेवलं गेलं तो वैतागून म्हणाला, "मॅडम, प्रत्येक जोडीची भाषा वेगळी हाय, सगळ्यांची कुठाय?" ते वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं. मग तक्ता, मग मास्तर सरांचा क्ष चा वर्ग. डाव शेवटी खेळलो, कारण नकार कसा घ्यायचा ते त्यात पटकन दिसलं: खेळाडूंनी खुर्च्या बदलायच्या, पानांचा क्रम तोच ठेवायचा. 'प्रत्येक' चं 'एक तरी', 'एक तरी' चं 'प्रत्येक', आणि आतलं विधान उलटं.

गुणाकारवाला मात्र अजून माझ्या मागं आहे. त्यानं आता नवीन काढलंय. एका बिंदूपाशी कंटिन्युइटीची व्याख्या म्हणजे 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा'. हा म्हणतो, "क्रम उलटा करून 'एक डेल्टा असा की प्रत्येक एप्सिलॉनसाठी' लिहिलं तर जे उरतं ते काय असतं? निव्वळ चूक, की दुसरंच काहीतरी?" मला उत्तर माहीत आहे, पण तुम्हीच सांगा.

डेल्टा_हरवला

मी! मी! डेल्टा आधी ठरला. त्या पट्ट्यातला कुठलाही बिंदू घेतला तर फलनातला फरक प्रत्येक एप्सिलॉनपेक्षा कमी. प्रत्येक धन संख्येपेक्षा कमी म्हणजे शून्य. म्हणजे त्या बिंदूच्या आजूबाजूला फलन सपाट, स्थिर. चूक नाही, फारच कडक अट आहे.

लूपातला_लूप

शाब्बास. आणि ही अट संख्यारेषेच्या प्रत्येक बिंदूपाशी पाळली जात असेल तर फलन सगळीकडे एकच किंमत देतं.

अमृता_कोथरूड

त्याला पुढचा गृहपाठ द्या ताई: जागा तशाच ठेवून नुसती नावं बदलायची. 'प्रत्येक डेल्टासाठी एक एप्सिलॉन', म्हणजे आधी समोरचा पट्टा सांगणार, मग तुम्ही फरकाची मर्यादा सांगणार.

डेल्टा_हरवला

मग मी भलामोठा एप्सिलॉन देऊन मोकळा होतो की. फलन प्रत्येक मर्यादित पट्ट्यात मर्यादित राहिलं म्हणजे झालं. परिमेयाला १ आणि अपरिमेयाला ० देणारं ते दिरिश्लेचं फलनसुद्धा पास, जे कुठंच कंटिन्युअस नाही!

कंबर_तलाव

यांच्या आयडीचं नाव बदला आता कुणीतरी.